किल्लीच्या जागीं बटण

व्याकरणशास्त्रांत एका वर्णाच्या किंवा शब्दाच्या जागीं दुसरा आला म्हणजे मूळच्यास 'स्थानी' व नव्यास 'आदेश' म्हणतात. पाणिनीनें या बाबतींत एक मोठा व्यवहारी दंडक घालून दिला आहे. आदेशानें ज्याची जागा घेतली त्याचीं कामेंही सामान्यतः त्यानें करावीं. जागा घेऊन कर्तव्य टाकूं नये, असा त्या दंडकाचा भावार्थ. हा नियम केवळ शब्दांपुरता नाहीं. घरांतील जुनी वस्तु काढून नवी बसवितांना तो लावून पाहिला तर पुष्कळ नुकसान टळतें. आज तो एका अगदीं अर्वाचीन वस्तूस, म्हणजे मोटारीच्या किल्लीस, लावून पाहण्याचा विचार आहे.

परभणी जिल्ह्यांत जुन्या मोटारी, जिपा व ट्रॅक्टर अद्यापि पुष्कळ घरीं आहेत. कोणी वडिलांची आठवण म्हणून गाडी ठेवतो, कोणास नवीन घेणें परवडत नाहीं, कोणास शेतावर जाण्यास जुनीच बरी वाटते. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, कोठेंही जा. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती कुलुपाच्या छिद्रांत शिरल्यावांचून राहत नाहीं. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो. अशांत तीच किल्ली त्याच कुलुपांत वीस-पंचवीस वर्षें फिरत राहिली म्हणजे दोघेंही झिजतात. मग एके दिवशीं किल्ली फिरतच नाहीं, किंवा फिरते पण इंजिन उत्तर देत नाहीं.

गाडी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री म्हणतो, "काका, ही कुलुपाची कटकटच काढून टाकूं. दोन खटके लावतों, एक बटण देतों. खटके टाका, बटण दाबा, गाडी सुरू!" बेत मोहक असतो. खर्च थोडा, काम एका दुपारचें. घरांतील तरुण मंडळींस शर्यतीच्या गाडीची ऐट मिळते आणि संधिवातानें बोटें आखडलेल्या आजोबांसही किल्ली पिळण्यापेक्षां बटण दाबणें सोपें जातें. तेव्हां घरच्या कर्त्या माणसानें 'होय' म्हणावें कीं 'नाहीं'? हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

उत्तर देण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहूं. मोटार जन्मास आली तेव्हां तिला किल्लीनें सुरू करण्याची सोय नव्हती. पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून तें हातानें फिरवावें लागे. इंजिननें उलट झटका दिला तर मनगट मोडे. हा धोका टाळण्यासाठीं अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यानें विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला व तो १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांस बसविण्यांत आला. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीस विजेचा स्टार्टर मिळावयास १९१९ साल उजाडलें. त्यानंतर कित्येक वर्षें किल्ली वेगळी व स्टार्टर वेगळा अशीच व्यवस्था होती. किल्लीनें विजेचा प्रवाह चालू करावयाचा आणि मग बटण दाबावयाचें, मूठ ओढावयाची किंवा पायाखालची कळ दाबावयाची. १९४८ सालीं निघालेल्या मॉरिस मायनर गाडींतही स्टार्टरची मूठ ओढावी लागे. किल्ली फिरवितांच स्टार्टरही चालावा ही युक्ति क्रायस्लर कंपनीनें १९४९ सालच्या गाड्यांत आणली व हळूहळू ती सर्वत्र रूढ झाली.

यावरून दिसेल कीं, बटण ही कांहीं आजकालची टूम नव्हे. मात्र त्या जुन्या गाड्यांत बटणाच्या शेजारीं बहुधा किल्लीही असेच. बटणानें किल्लीची जागा घेतली नव्हती. दोघें शेजारधर्मानें नांदत होतीं.

मग बिनकिल्लीची गाडी चालली तरी कोठें? दुसऱ्या महायुद्धांत विलिस कंपनीची जीप निघाली. प्रारंभींच्या जिपांस किल्ली होती. पुढें ती काढून टाकून साधा फिरता खटका बसविण्यांत आला. स्टार्टर पायानें दाबावयाचा होता. कारण उघड आहे. लढाईच्या धामधुमींत गाडी एकाच्या हातीं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशांत, असें होऊन भागत नाहीं. परंतु त्या जिपेभोंवतीं छावणी होती आणि छावणीच्या तोंडाशीं बंदूकधारी पहारेकरी उभा होता. कुलूप गाडींतून निघून पहारेकऱ्याच्या हातीं गेलें होतें, एवढेंच. शर्यतीच्या गाडीचेंही तसेंच. तिच्यांत खटके व बटण असतात, कारण पट्ट्यांनीं जखडलेल्या चालकास एका हातानें सर्व बंद करतां आलें पाहिजे. पण ती गाडी रस्त्यावर रात्रभर उभी राहत नाहीं, तिची राखण करणारी माणसें वेगळी असतात.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडचें. १९४० सालीं जर्मन सैन्य उतरण्याची भीति होती तेव्हां, चालक जवळ नसतांना मोटार चालूं न शकेल अशी करून ठेवावी, असा हुकूम तेथें निघाला. लोक डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर नांवाचा लहानसा भाग काढून खिशांत घालीत व मग गाडीपासून दूर जात. तेथें नुसत्या किल्लीवरही भरंवसा पुरेसा वाटला नाहीं, आणि आपण घरच्या अंगणांत किल्लीही काढून टाकावयास निघालों आहोंत!

आतां आपल्या 'स्थानी'चीं कामें मोजूं. किल्ली वरवर पाहतां गाडी सुरू करते एवढेंच दिसतें. वस्तुतः तिच्याकडे पांच कामें असतात. पहिलें, इंजिनास व इतर उपकरणांस वीज पुरविणें. दुसरें, स्टार्टर चालविणें. तिसरें, इंजिन चालू असतां स्टार्टर पुन्हां फिरूं न देणें. पुष्कळ गाड्यांत किल्ली मागें आणल्यावांचून दुसऱ्यानें स्टार्टर देतां येत नाहीं तो याचसाठीं. चौथें, किल्ली काढल्यावर स्टिअरिंग अडकविणें. आणि पांचवें काम असें कीं, किल्ली हातीं घेऊन मनुष्य उतरला म्हणजे गाडीची वीज आपोआप बंद झालेली असते आणि ती पुन्हां कोणी चालवावी याचा निर्णयही त्याच्या हातीं राहतो.

मिस्त्रीचे खटके व बटण यांपैकीं पहिलीं दोन कामें करतात. उरलेल्या तिहींस वालीच राहत नाहीं. संकट येतें तें या तिहींतून.

एक हकीकत सांगतों. आमच्या परिचयांतील एका घरीं अशी गाडी होती. गांव व नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. हँडब्रेकवर विश्वास नसल्यामुळें गाडी उभी करतांना पहिला गिअर टाकून ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता, आणि तो आपल्याकडे पुष्कळांचा आहे. मिस्त्रीनें बटणाची तार सोयीची म्हणून थेट बॅटरीवरून आणली होती. वैशाखांतल्या एका सकाळीं अंगणांत वाळवणें घातलीं होतीं. आठ वर्षांचा एक मुलगा गाडींत बसून 'ड्रायव्हर' होऊन खेळत होता. दोन्हीं खटके बंद होते, म्हणून मोठ्यांस चिंता नव्हती. त्यानें बटण दाबलें आणि गाडीनें दोन हात पुढें उडी घेतली. कुरडयांची चादर चाकाखालीं गेली व तुळशीवृंदावनाचा कोपरा ढासळला. त्या चादरीवर पाखरें हांकण्यास बसलेली लहानगी बहीण क्षणापूर्वींच पाणी पिण्यास आंत गेली होती. तिच्या आजीनें पुढें कित्येक दिवस त्या गाडीकडे पाहिलें नाहीं.

इंजिन बंद असतां गाडी चाललीच कशी, असें पुष्कळांस वाटेल. उत्तर सोपें आहे. स्टार्टर ही एक जबरदस्त विजेची मोटर आहे. गाडी गिअरमध्यें असेल व क्लच दाबलेला नसेल तर तो स्टार्टर इंजिनाबरोबर चाकेंही फिरवितो. रेल्वेच्या फाटकांत रुळांवर गाडी बंद पडली तर पहिला गिअर टाकून स्टार्टरच्या बळावर ती बाहेर काढावी, अशी युक्ति जुने चालक सांगत असत ती याच तत्त्वावर. संकटांत जी युक्ति प्राण वांचविते तीच मुलाच्या हातीं पडली कीं प्राणावर बेतते.

आतां कायद्याकडे वळूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, सार्वजनिक जागीं गाडी उभी करून चालक दूर गेला तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा, किंवा चालकाच्या गैरहजेरींत ती अकस्मात् चालूं लागणार नाहीं अशी अन्य तजवीज केलेली असावी. याहून कडक तरतूद २०१९ सालीं आली. १९९ अ या कलमान्वयें अल्पवयीन मुलाकडून गाडी चालवितांना गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द. हा गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठीं आपण सर्व योग्य ती काळजी घेतली होती, असें पालकानें सिद्ध केलें तर सुटका आहे. आतां विचार करा. किल्ली कपाटांत कुलूपबंद होती व मुलानें ती चोरली, असें सांगणाऱ्या पित्यास कांहीं तरी आधार आहे. ज्याच्या गाडीस किल्लीच नाहीं, नुसतें बटण आहे, त्यानें कोणती काळजी घेतली म्हणून सांगावें?

विम्याचेंही तेंच. गाडी सुरक्षित राखण्यासाठीं विमेदारानें वाजवी ती सर्व खबरदारी घ्यावी, अशी अट मोटार विम्याच्या पत्रांत असते. चोरी झाल्यावर कुलूप कोठें होतें हा प्रश्न विचारला जाईल, त्याचें उत्तर आधींच तयार असावें.

म्हणून मिस्त्रीस 'होय' म्हणण्यापूर्वीं पहिली गोष्ट ही करावी, कीं झिजलें आहे तें काय, याचा शोध घ्यावा. पुष्कळ गाड्यांत किल्ली शिरते तें कुलूप आणि त्यामागें वीज जोडणारा खटका हे दोन निराळे भाग असतात. किल्ली नीट फिरते पण वीज येत नाहीं, असें असेल तर मागचा खटका तेवढा बदलावा; कुलूप शाबूत राहतें. किल्ली फिरतच नसेल तर कुलुपांत तेल घालूं नये. तेलावर धूळ बसून लगदा होतो. त्याऐवजीं ग्राफाइटची कोरडी पूड घालावी. शाळेंतल्या पेन्सिलीचें शिसें म्हणतात तें मुख्यतः हेंच ग्राफाइट. किल्ली झिजली असेल तर घरांत न वापरलेली जोडकिल्ली पडली आहे का पाहावें व तिच्यावरून नवी करून घ्यावी. झिजलेलीवरून केलेली नवीही झिजलेलीच निघते. इतक्यानें पुष्कळांचें काम भागेल.

आजोबांच्या बोटांचा प्रश्न असेल तर मधला मार्ग आहे. किल्ली व कुलूप तसेंच ठेवून केवळ स्टार्टरसाठीं बटण द्यावें. किल्लीची पहिली सोपी फिरकी आजोबा देतील. स्प्रिंगविरुद्ध जोर लावून धरावी लागणारी शेवटची फिरकी मात्र बटण वांचवील. हीच १९४९ पूर्वींची जुनी व्यवस्था, आणि प्रस्तुत लेखकाच्या मतें घरगुती गाडीस ती सर्वांत चांगली.

तरीही संपूर्ण बदल करावयाचाच असेल तर मिस्त्रीकडून पुढील गोष्टी आवर्जून करून घ्याव्या. बटणाची तार इंजिनाच्या खटक्यानंतर घ्यावी, म्हणजे खटका बंद असतां बटण दाबूनही कांहीं होणार नाहीं. वरच्या हकीकतींतील अनर्थाचें मूळ येथेंच होतें. स्टार्टरकडे जाणारा मुख्य प्रवाह शेंकडों अँपिअरांच्या घरांत जातो. तो बॅटरीपासून जाड तारेनेंच जातो व बटणाशीं त्याचा संबंध येत नाहीं. परंतु तो प्रवाह जोडणाऱ्या सोलेनॉइडलाही बरीच वीज लागते, म्हणून बटण व सोलेनॉइड यांच्यामध्यें रिले बसवावा. रिलेच्या वेटोळ्यास पाव अँपिअरच्या आसपासच वीज पुरते, म्हणजे बटणाचीं टोकें जळत नाहींत. प्रत्येक नव्या तारेस बॅटरीजवळ योग्य मापाचा फ्यूज असावा. पत्र्यांतून तार आणतांना भोंकास रबरी कडें बसवावें. पत्र्याच्या धारेनें तार कापली कीं ठिणगी पडण्यास वेळ लागत नाहीं. क्लच दाबल्यावांचून स्टार्टर चालूं नये असा एक लहान खटका क्लचच्या पायदांडीशीं बसवितां येतो. तो बसवावा, खर्च थोडा व उपकार मोठा.

स्टिअरिंगच्या कुलुपासंबंधीं विशेष सावधगिरी हवी. किल्लीचें नळकांडें काढून आंतील अडसर तसाच ठेवला तर तो चालत्या गाडींत पुढें सरकून स्टिअरिंग अडकण्याचा संभव राहतो. अडसर संपूर्ण व पक्केपणीं काढतां येत नसेल तर त्या गाडीचें कुलूप काढूंच नये. अर्धें काढलेलें कुलूप हें धड कुलूपही नव्हे आणि धड मोकळीकही नव्हे.

किल्ली काढतांच वीज बंद होत असे, तें कामही कोणास तरी सोंपविलें पाहिजे. खटका चालू राहिला व इंजिन बंद असलें तर जुन्या पेट्रोल गाडींत कॉइल तापून खराब होते आणि बॅटरीही उतरते. म्हणून खटक्याशेजारीं एक लाल दिवा असावा आणि खटक्यांखालीं मराठींत ठळक अक्षरें असावीं. जुन्या कित्येक डिझेल गाड्यांत तर खटका बंद केल्यानें इंजिन थांबतच नाहीं. त्यासाठीं वेगळी दांडी ओढावी लागते. हें घरांत गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असलें पाहिजे.

शेवटीं कुलूप. बॅटरीची मुख्य तार तोडणारा एक खटका मिळतो, त्याची मूठ काढून घेतां येते. तो सहज न दिसणाऱ्या जागीं बसवावा व मूठ घरांत ठेवावी. मात्र इंजिन चालू असतां तो फिरवूं नये, अल्टरनेटर बिघडतो. स्टिअरिंगवर बाहेरून लावण्याचा दांडाही बाजारांत मिळतो, तोही घ्यावा.

कोणी विचारील, 'नव्या गाड्यांस तर कारखान्यांतूनच बटण येतें, त्याचें काय?' येथें नांवावर जाऊं नये. त्या गाड्या बिनकिल्लीच्या नाहींत. किल्ली चालकाच्या खिशांत असते; तिचा सांकेतिक संदेश गाडीस मिळाला तरच बटण मानलें जातें. शिवाय ब्रेक किंवा क्लच दाबल्यावांचून इंजिन सुरू होत नाहीं. म्हणजे तेथें आदेशानें स्थानीचीं कामें सांभाळलीं आहेत. तरीही एक काम निसटलेंच. खिशांतली किल्ली घेऊन मनुष्य उतरतो आणि निःशब्द इंजिन चालूच राहतें. अमेरिकेंत बंद गॅरेजमध्यें असें होऊन विषारी वायूनें माणसें दगावलीं आहेत. अशा नव्या गाडीच्या तारांस गल्लींतल्या मिस्त्रीचा हात मुळींच लावूं देऊं नये. तिच्यांत किल्ली ओळखणारें यंत्र, एअरबॅग व इंजिनाचा संगणक हे सर्व एकमेकांशीं बांधलेले असतात.

आपल्या एकत्र कुटुंबांत कोठीच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा एके काळीं घरांतील वडीलधाऱ्या बाईच्या कमरेस असे. त्यांत अविश्वास नव्हता. कोठींतलें तूप सर्वांचेंच होतें. पण तें किती काढावें, कोणी काढावें व केव्हां काढावें याचा हिशेब एका ठिकाणीं राहत असे. मोटारीची मूठ किंवा किल्ली हिलाही असेंच एक ठरलेलें ठिकाण व एक ठरलेलें माणूस असावें. तें माणूस गाडी चालविणारेंच असलें पाहिजे असें नाहीं. घरांतील सासूबाईंनीं वा थोरल्या जाऊबाईंनीं ती संभाळली तर उत्तम. कारण कोणता मुलगा किती वर्षांचा, कोणाजवळ परवाना आहे आणि कोण रात्रीं कोठें निघाला, हें त्यांच्याइतकें घरांत दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें.

गाडीस बटण बसवावें कीं नाहीं, हें ज्याच्या त्याच्या गाडीवर व गरजेवर अवलंबून आहे. बसवावयाचें असेल तर मिस्त्रीस एवढेंच विचारावें, 'किल्ली पांच कामें करीत होती; तुझ्या खटक्यांपैकीं कोणता कोणतें करणार तें दाखीव.' पांचही दाखविलीं तर गाडी खुशाल त्याच्या हवालीं करावी. तिसऱ्यावर अडखळला तर गाडी तशीच घरीं आणावी. आणि तोंवर हँडब्रेक दुरुस्त करून घ्यावा, म्हणजे अंगणांत उभी असतां ती गिअरमध्यें ठेवण्याची पाळी येणार नाहीं.